दरवाजे उजवीकडे उघडतील

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
दिवसभर लोकांच्या तोंडी मी वाक्यं घालतो:
मी खाली सही करणार, वय अमुक, राहणार तमुक,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की.
त्यातलं एकही वाक्य त्यांचं नसतं,
माझंही नसतं.
शिक्का बसला की ते खरं होतं.

गुरुवारी साडेचारला मशीनवर फडकं टाकतो.
सिव्हिल कोर्ट स्टेशनात कैवल्यची आई
त्याला माझ्या हाती देते
आणि ससूनच्या पाळीला पळते.
आम्ही नळ स्टॉपला उतरतो.
झेरॉक्सच्या दुकानावर, दुसरा मजला, चपला बाहेर.

तस्नीम मॅडम साबणाचे फुगे सोडतात.
कैवल्य चवड्यांवर उभा, हातांची फडफड.
फुगे संपतात.
मॅडम बाटलीला झाकण लावतात
आणि थांबतात.

ते थांबणं मला सोसायचं नाही.
"अजून म्हण ना, राजा. अ-जू-न."
तिसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या,
बाबा, त्याची रिकामी जागा भरू नका.

सहा वर्षांचा आहे. वाक्यं आहेत त्याच्याजवळ,
सगळी मेट्रोची.
*कृपया दरवाजापासून दूर उभे राहा*:
हे माझ्या मेव्हण्याला, तो गाल ओढायला आला की.
*दरवाजे उजवीकडे उघडतील*: बाहेर जायचंय.
*या गाडीचा प्रवास येथे संपत आहे*,
आणि उशीवर डोकं.

आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं:
निरर्थक पुनरुच्चार.
कागद मी फायलीला लावला.
तस्नीम मॅडमनी दोनशे पानी वहीत दोन रकाने आखले:
काय म्हणाला. तेव्हा काय चाललं होतं.
म्हणाल्या, तो बोलतोच आहे हो,
उशीर तुमच्याकडून होतोय.

राग आला. घरी येईपर्यंत टिकला.
रात्री एक खरेदीखत टाइप करताना उतरला.

एकोणीस वर्षं कागदाच्या तळाशी
मी चार बोटं कोरी सोडत आलोय.
तिथे माझं अक्षर गेलं तर कागद बाद.
ती जागा समोरच्याची,
सही येत नाही त्याचीही.
अंगठ्याला शाई लावून तो विचारतो, कुठं टेकवू?
मी जागा दाखवतो. त्याचा हात धरत नाही.

हे मला येत होतं की.

आता मोजतो. मॅडमनी सांगितलेले दहा.
खाली झेरॉक्सची घरघर, कोणाची तरी स्कूटर सुरू होत नाहीये,
सात, आठ,
कैवल्य पंख्याकडे बघतोय,
दहा.
परत एक.
असे पुष्कळ गुरुवार गेले.
काही नुसतेच गेले.

मागच्या गुरुवारी जिना उतरताना म्हणाला,
*पुढील स्थानक*
आणि थांबला.
मी दातांखाली जीभ धरली.
दोन पायऱ्या. तिसरी.
*भेळ.*

गरवारे नाही, वनाज नाही.
कुठल्याच डब्यात कधी न वाजलेलं.
तसाच त्याला घेऊन वर गेलो, चपलांसकट.
मॅडमनी वहीत लिहिलं, तारीख घातली,
मग उगाच चष्मा पुसत बसल्या.

*दरवाजे उजवीकडे उघडतील*,
खाली आल्यावर त्याने जोडून दिलं.
गाडा डावीकडे होता.

एरवी मी पुणेकर,
दुसऱ्याची चूक फुकटात दुरुस्त करून देणारा.
त्या संध्याकाळी आम्ही गाडा ओलांडून पुढे गेलो,
विजेच्या खांबाला वळसा घातला
आणि परत आलो.
तेव्हा तो उजवीकडे होता.